न्यूयॉर्क आणि लंडन : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची परदेशातील विद्यार्थिदशा

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१-१९५६) यांच्या चरित्रात परदेशातील शिक्षणाचा भाग बहुधा पदव्यांच्या यादीने पुरा केला जातो. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. आणि पीएच. डी., लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. आणि डी. एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी अशी नोंद झाली की चरित्रकार महाडच्या सत्याग्रहाकडे वळतो. चां. भ. खैरमोडे यांनी १९५२ पासून खंडशः प्रसिद्ध केलेले मराठी चरित्र आणि धनंजय कीर यांचे चरित्र हे या बाबतीतले महत्त्वाचे आधार. त्यांत या वर्षांचा तपशील भरपूर आहे. परंतु नंतरच्या लेखकांनी त्यांतील मोजके प्रसंगच उचलले, आणि अठरा तासांचा अभ्यास व अर्धपोटी राहणे या दोन गोष्टींना दंतकथेचे रूप आले. प्रत्यक्षात या विद्यार्थिदशेचे दोन कालखंड पडतात, आणि त्यांचा पोत अगदी निराळा आहे. न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती होती. लंडनमधील विद्यार्थी स्वतःच्या शिलकीवर आणि मित्रांच्या कर्जावर जगत होता. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून त्या दंतकथेचा अर्थ लागत नाही.

भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले ते जुलै १९१३ मध्ये. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार निवर्तले होते. घरी पत्नी रमाबाई होत्या आणि मुलगा यशवंत वर्षाचाही झाला नव्हता. बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती, आणि तिच्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. साडेअकरा पौंड म्हणजे तत्कालीन दराने सुमारे ५६ डॉलर. त्यांतून राहणे, जेवण, पुस्तके भागवायची आणि काही रक्कम परळच्या चाळीतील बिऱ्हाडाकडे पाठवायची, असा हिशेब होता.

विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांनी प्रथम बिऱ्हाड केले. तेथले जेवण, विशेषतः गोमांस, त्यांना रुचले नाही आणि आठवडाभरातच त्यांनी मुक्काम हलविला. पश्चिमेकडील ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये काही हिंदी विद्यार्थी राहत. तेथे काही काळ काढून ते पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. या वसतिगृहात नवल भाथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता. या मैत्रीचे मोल पुढे लंडनमध्ये कळले. अडचणीच्या काळात त्यांना कर्जाऊ पैसे देणाऱ्यांत भाथेना होते.

या खोल्यांचा आणि पंगतींचा तपशील वरकरणी किरकोळ वाटतो. तो तसा नाही. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर गोणपाटावर बसलेला, मसूर ते गोरेगाव या प्रवासात तहानेने व्याकूळ होऊनही ज्याला गाववस्तीवर पाणी मिळाले नाही असा हा मुलगा. एल्फिन्स्टन हायस्कुलात तो फळ्याकडे निघाला की सवर्ण मुले फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलून घेत. असा विद्यार्थी न्यूयॉर्कला सार्वजनिक भोजनगृहात कोणाही शेजारी बसून कॉफी, दोन मफिन आणि माशाची किंवा मांसाची एक थाळी घेत होता. त्याला कोणी जात विचारीत नव्हते. या काळातील त्यांच्या वैचारिक घडणीचे श्रेय जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, अलेक्झांडर गोल्डनवायझर या गुरूंकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु समतेचा अनुभव त्यांना ग्रंथांआधी जेवणाच्या टेबलावर आला, ही गोष्ट त्या श्रेयात मोजली जात नाही. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर महिनाभराच्या आत, ४ ऑगस्ट १९१३ रोजी, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलींनाही मुलांबरोबर शिकवावे असा आग्रह त्यात आहे. बोटीवरून उतरून उणापुरा महिनाच झालेला विद्यार्थी आपल्या खोलीच्या अडचणी न लिहिता समाजाच्या शिक्षणाविषयी लिहितो, यावरून त्याचे मन कोठे गुंतले होते हे दिसते.

पहिले काही महिने मात्र अभ्यासात फारसे गेले नाहीत. नवे शहर, मित्रांची मैफल, खेळ, हिंडणे यांत ते रमले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे एका रात्री आपल्या घरची स्थिती आणि शिष्यवृत्तीची मुदत यांचा विचार त्यांना अस्वस्थ करून गेला व तेथून दिनक्रम पालटला. चरित्रांमधील हा प्रसंग काहीसा नाट्यमय करून सांगितला जातो. त्यातील नाट्य बाजूला ठेवले तरी बदलाचा पुरावा विद्यापीठाच्या दप्तरात आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १, असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत घेतले. पदवीसाठी एवढ्यांची आवश्यकता नव्हती. पैसे संपण्यापूर्वी जेवढे ज्ञान पदरात पडेल तेवढे घ्यावे अशी ही निकड आहे. पुन्हा इकडे येणे घडेल याचा भरवसा नसलेल्या माणसाची ती निकड होती.

जून १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरील प्रबंधाबद्दल त्यांना एम. ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती, रचना आणि विकास यांवरील निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. जातीचा मूलाधार अंतर्विवाहाच्या बंधनात आहे हे प्रतिपादन त्यात आहे. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला हा निबंध जातिमीमांसेच्या अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. पुढच्याच महिन्यात भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील पीएच. डी.चा प्रबंध त्यांनी सादर केला. तो विस्तारित रूपात १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली.

याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते व हिंदी विद्यार्थ्यांना आपल्या चळवळीत ओढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आंबेडकर त्यापासून दूर राहिले. शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराजांशी झालेला करार आणि हाती घेतलेला अभ्यास या दोहोंचे त्यांना भान होते. तथापि केवळ सावधपणाने हे घडले असे म्हणता येणार नाही. ज्या स्वातंत्र्याची भाषा तेथे चालली होती त्यात अस्पृश्यांचे स्थान काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे तेव्हाच उभा असला पाहिजे.

न्यूयॉर्कमधील त्यांचा मोठा खर्च पुस्तकांवर होई. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. अमेरिका सोडताना ते एका परिचिताच्या स्वाधीन केले. त्यांतील बरेच पुढे गहाळ झाले. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बडोद्याहून परतण्याचा हुकूम आला. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करता येईल अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. महायुद्धाचा काळ होता. सामान निराळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट बुडाली आणि तिच्याबरोबर पुस्तकेही गेली. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून आलेल्या पैशांतून त्यांनी बडोद्याचा प्रवासखर्च केला, हा दैवाचा विचित्र व्यवहार म्हटला पाहिजे.

बडोद्यात काय झाले ते सर्वश्रुत आहे. शिपाई फायली लांबून टाकीत, कचेरीत पिण्याचे पाणी मिळेना, राहण्यास जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवसही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले. ज्याला चार वर्षे परक्या देशात खोली मिळाली त्याला स्वदेशात ती मिळाली नाही. हा अनुभव पुढच्या लंडन-पर्वाला जोडून वाचावयास हवा, कारण ते पर्व केवळ अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी नव्हते. कोणाच्याही नोकरीवाचून जगता येईल असा स्वतंत्र व्यवसाय, म्हणजे वकिली, हाती असावी हा त्यामागील हेतू होता.

त्यासाठी नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्यापन केले. पगार दरमहा साडेचारशे रुपये होता. एवढा पगार असूनही राहणे परळच्या चाळीतच, कारण त्यातला मोठा भाग लंडनसाठी शिल्लक टाकायचा होता. तेथेही शिक्षकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी काही सहकाऱ्यांची तक्रार होतीच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. शिलकीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीची आणि भाथेनांच्या कर्जाची भर पडली आणि ५ जुलै १९२० रोजी ते पुन्हा लंडनला निघाले. नुकतेच सुरू झालेले पत्र आणि संसार हे दोन्ही मागे राहिले. पत्र १९२३ पर्यंतही नीट तगले नाही. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या पदव्यांची ही एक किंमत आहे, आणि ती फारशी लक्षात घेतली जात नाही.

लंडनमधील त्यांचा दिवस ठरलेला होता. सकाळी घरमालकीण न्याहारीला पावाचा एक तुकडा, त्याला लावायला थोडेसे काही आणि चहा देई. ही बाई कमालीची चिक्कू होती असे वर्णन आढळते. न्याहारी उरकून ते पायीच ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघत. बसचे पैसे वाचत. दार उघडताना आत जाणाऱ्या पहिल्या वाचकांत ते असत आणि बंद होण्याची सूचना झाल्यावर उठत. दुपारचे जेवण नसे. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय अशाही फेऱ्या होत. रात्री खोलीवर पुन्हा वाचन सुरू होई, आणि दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्यावर भाजून ते कपभर दुधाबरोबर खात. खोलीतील सोबती अस्नोडकर यांनी मध्यरात्री जागे होऊन झोपण्याचा आग्रह करावा आणि आंबेडकरांनी आपल्याजवळ झोपेसाठी वेळही नाही व जेवणासाठी पैसाही नाही असे सांगून पुन्हा पुस्तकात डोके घालावे, हे नित्याचे होते.

याच विद्यार्थ्याला बॅरिस्टरीसाठी मात्र जेवावे लागे. इन्सच्या परंपरेनुसार सत्र भरण्यासाठी विद्यार्थ्याने तेथील दालनात ठरावीक भोजने घेणे सक्तीचे होते आणि त्यांचे पैसे भरावे लागत. उपाशी दुपार आणि सक्तीचे मेजवानीवजा जेवण हे दोन्ही एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात येत.

चरित्रलेखनात या अर्धपोटी दिवसांना तपश्चर्येचा रंग दिला जातो. तो रंग मूळ घटनेला मानवत नाही. आंबेडकर वैरागी वृत्तीचे नव्हते. उत्तम कपडे, उत्तम लेखण्या आणि उत्तम ग्रंथ यांची आवड त्यांनी पुढे लपविली नाही. लंडनमधील भूक ही व्रत म्हणून स्वीकारलेली नसून हिशेबातून आलेली आहे. अमुक इतके पौंड, त्यांत अमुक इतके महिने, आणि तेवढ्यात एम. एस्सी., डी. एस्सी. व बॅरिस्टरी. एक महिना अधिक लागला तर त्याचा भार परळच्या घरावर पडणार होता. त्या घरात रमाबाई काटकसरीने दिवस काढीत होत्या आणि पैशांची विवंचना कळविणारी पत्रे लंडनला येत होती. रमाबाईंचे उपवास नोंदविणारा कोणी खोलीसोबती नव्हता. त्यामुळे चरित्रांत लंडनच्या पापडांचा उल्लेख येतो, आणि परळच्या चुलीविषयी मोघम दोन ओळी येतात.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. २८ जून १९२२ रोजी बॅरिस्टरीची सनद मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. त्याच सुमारास जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. कोलंबियात घेतलेले जर्मनचे धडे येथे कामी आले. प्रबंधातील ब्रिटिश चलनधोरणावरची टीका परीक्षकांना रुचली नाही व फेरलेखन सुचविण्यात आले. एव्हाना पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले आणि येथूनच सुधारित प्रबंध पाठविला. निष्कर्ष तेच राहिले, मांडणी तेवढी बदलली. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मान्य झाली, आणि डिसेंबरमध्ये प्रो. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ निघाला. कॅनन यांना त्यांची सगळी मते मान्य नव्हती, हे प्रस्तावनेतच नमूद आहे.

जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला उघडलेले वसतिगृह. तेथे राहणाऱ्या मुलांचे जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करीत असे.