गोठ्यातला राजा आणि टिळकांचं घर

डिसेंबर उजाडला की आमच्या डोणगावातही हल्ली लाल टोप्या दिसू लागतात. मेहकर तालुक्यातलं, नागपूर-संभाजीनगर या जुन्या हमरस्त्यावरचं हे गाव. कापूस, तूर, सोयाबीन यांना काय भाव मिळाला त्यावर इथल्या घरांतला सण ठरतो. मागच्या नाताळात नातवाला शाळेच्या कार्यक्रमात सांताक्लॉज व्हायचं होतं. टोपी आली, चांदणी आली, पांढरी दाढीही आली. कापूस पिकवणाऱ्या गावात दाढी मात्र विकतची! मग रात्री भेटवस्तूंची यादी सुरू झाली. वाढदिवस कोणाचा, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

मी त्याला गोष्ट सांगितली. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून एक बाळ गोठ्यात जन्मलं, आईने त्याला गव्हाणीत निजवलं, आणि सगळ्यांत आधी ही बातमी कळली ती रात्री राखण करणाऱ्या मेंढपाळांना. सांगता सांगता मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. हा गोठा खरा मानून आयुष्यभर तसं राहू पाहणारा मराठी माणूस म्हणून त्यांचंच नाव माझ्या ओठांवर येतं.

लोकमान्यांचे हे आडनावबंधू 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन घरात जन्मले. वडील तापट, आई लवकर गेलेली. पोरवयातच घर सोडून ते नाशिकला आले आणि तिथे संस्कृत शिकले. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्न होऊन टिळकांच्या घरी आली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. संसार असा एका जागी कधी थांबलाच नाही. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. मनात आलं की टिळक उठून चालू लागत. मागे बायको वाट पाहत बसे.

1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. आधी फारशा उत्सुकतेने न उघडलेलं ते पुस्तक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना खाली ठेववेना. दीनांना धन्य म्हणणारा, उद्याची चिंता करू नका म्हणणारा हा गुरू त्यांना परका वाटला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते पुढे सांगत. ज्याने कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्याच्या वाटेने गेलेल्या माणसाला गोठा ओळखीचा वाटला, यात नवल नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, गोतावळा गेला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं पंढरपूरला नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी टाकलेली खरी संपत्ती पैशाची नव्हतीच. ती त्यांच्याकडे कधी नव्हती. त्यांच्याजवळ होता तो मान. संस्कृत जाणणारा ब्राह्मण कवी म्हणून कुठेही पाटावर बसवलं गेलं असतं. नगरकडची ख्रिस्ती मंडळी बहुतांशी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतली. टिळक त्यांच्या पंगतीला बसले, त्यांच्यासाठी अभंगांच्या चालीवर गाणी रचली, टाळ-मृदंगासह कीर्तनं केली. परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरांच्या जागी मराठी देवळांत मराठी भजन घुमू लागलं. मराठी ख्रिस्ती लोकांच्या ‘उपासनासंगीता’त आजही त्यांची दोनशेहून अधिक गाणी आहेत. पैसा सोडणं कठीण, पण पाट सोडणं त्याहून कठीण, असं मला वाटतं.

प्लेगच्या दिवसांत या घराने रोग्यांची सेवा केली. दुष्काळात अनाथ मुलं घरात घेतली. पुढे बालकवी ठोमऱ्यांसारखा भिरभिरणारा तरुण कवीही याच घरी विसावला आणि लक्ष्मीबाई त्याची आई झाल्या. दार सदा उघडं. हातात आलेला पैसा गरजवंताच्या हातात गेला की टिळक तृप्त.

आणि इथेच मी अडते. ‘स्मृतिचित्रे’ मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात. तेव्हा टिळकांचं देणं मला थोर वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचलं ते संसारात पडल्यावर, महिनाअखेर डब्यात खडखडाट असताना. तेव्हा टिळकांचा चक्क राग आला. येणाऱ्या प्रत्येकाला जेवून जा म्हणणारे ते. पीठ किती उरलंय हे पाहणारी ती. त्यांच्या निरिच्छतेचा हिशेब लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी मांडला जात होता. त्या हे सगळं हसत हसत लिहितात, म्हणून आपणही हसतो. पण त्या हसण्याखाली किती रात्रींची काळजी दडली असेल!

टिळकांनाही आपल्या उणेपणाची जाणीव होती. आपण अजून अपुरे आहोत, हा सूर त्यांच्या भजनांत पुन्हा पुन्हा येतो. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे दार खुलं होतं. दरबार हे नाव राजाचं, पण राजा गोठ्यातला. जेमतेम दीड-दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा अकराव्या अध्यायाशी थांबलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. धड शालेय शिक्षणही न मिळालेल्या या बाईने चौसष्ट अध्याय लिहिले. अकरा त्यांचे, चौसष्ट तिचे. तिसऱ्यांदा ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतलं तेव्हा हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि टिळकांवरचा राग बराचसा ओसरला. ज्या घरात काहीच साठलं नाही, तिथे एवढं मात्र साठलं होतं. शिवाय दोघांत अधिक नम्र कोण, हेही मला कळलं. देणाऱ्याचं नाव होतं. देता यावं म्हणून मागे उभं राहणाऱ्याची नम्रता कोणाला दिसत नाही.

गोठ्याच्या गोष्टीतही सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेले शहाणे लोक आहेतच. भेटवस्तूंशी माझं भांडण नाही. पण ती भेट गव्हाणीपाशी वाकून ठेवलेली होती, आणि ज्याच्यापुढे ठेवली त्याच्याकडे परत द्यायला काहीच नव्हतं.

नातवाला मी टोपी घेऊ दिली. दाढी मात्र परत केली. आमच्याच शेतातला कापूस पिंजून दाढी त्याच्या आईने बनवली. रात्रीच्या स्वयंपाकाची आवराआवर झाल्यावर, दिव्याशी बसून. सकाळी ती लावून तो ऐटीत शाळेला निघाला, तेव्हा त्याला मी एवढंच विचारलं, की ही कोणी बनवली ते तुला ठाऊक आहे ना? तो उंबऱ्यावरून मागे फिरला आणि आईच्या पाया पडून गेला.