विहिरीवरचं इंजिन आणि शंतनुराव

यंदाच्या दिवाळीत आमच्या ताडकळसच्या घरी ओट्यावर जी वादावादी झाली, तिचं मूळ होतं अंगणात उभ्या असलेल्या दोन मोटारी. एक पुतण्याची, दुसरी भाच्याची. दोघंही नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि दोघांनाही गाड्यांचं वेड. पुतण्याने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेऊन जिवापाड सांभाळली आहे. डिझेलची, दोन हजारच्या दशकातली, आपल्या मराठवाड्यातच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. भाच्याची गाडी लहान, नवी, पेट्रोलची. परभणीहून येताना कोण आधी पोचलं यावरून विषय निघाला आणि फराळाचं ताट रिकामं होईपर्यंत चालला.

भाच्याचं म्हणणं असं, की वेगाच्या गाडीत डिझेल इंजिन घालणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपणं. पेट्रोलचं इंजिन सहा-साडेसहा हजार फेऱ्यांपर्यंत गात जातं, डिझेल चार-साडेचार हजारांतच दमतं. नाक जड, आवाज ट्रॅक्टरचा, वर धूर. पुतण्याचं उत्तर तयार होतं. नुसत्या फेऱ्या मोजून गाडी पळत नाही, ओढ लागते. गाडीत पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असताना पुढचा ट्रक ओलांडायचा झाला, तर त्याला गिअर बदलावा लागत नाही. एकोणीसशे फेऱ्यांनाच गाडी पाठीत धक्का देऊन निघते. शिवाय टाकी एकदा भरली की पुण्याहून येऊन परत जायची काळजी नाही.

मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. गाडीतलं मला फारसं कळत नाही. पण डिझेल इंजिनाची हेटाळणी ऐकून मला राहवलं नाही, कारण त्याच सकाळी मी आमच्या मळ्यातलं इंजिन भंगारवाल्याला द्यायचं कबूल करून आलो होतो. दर ठरला होता, किलोवर. तो माणूस संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता.

ते इंजिन आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली घेतलं. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरीत तळाला पाणी होतं, पण मोटेचे बैल चाऱ्यावाचून गेले होते. मग आईच्या पाटल्या गेल्या, थोडं कर्ज निघालं आणि पाच अश्वशक्तीचं किर्लोस्कर इंजिन बैलगाडीतून मळ्यात आलं. ते सुरू करणं हा एक विधी असे. एका हाताने डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, दुसऱ्या हाताने हँडल मारून चक्र गरागरा फिरवायचं, वेग पुरेसा आला की खटका सोडायचा आणि त्याच क्षणी हँडल बाजूला घ्यायचं. वेळ चुकली की मनगट गेलंच समजा. मग एक काळा भपका, एक ठोका, दुसरा ठोका, आणि नंतर दिवसभर तो टुकटुक आवाज. आवारातल्या कोणत्या मळ्यात इंजिन चालू आहे हे आई घरात बसून आवाजावरून सांगायची.

ज्या माणसामुळे ते आमच्या विहिरीवर आलं, त्याची गोष्ट मी त्या दोघांना सांगायला बसलो. ती अशी.

शंतनुराव किर्लोस्करांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. वडील लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकवणारे मास्तर. तिथे बढती नाकारली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांशिवाय तिथे काही नव्हतं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. त्या पोराचं अंगण म्हणजे ओतशाळा आणि लेथ.

(किर्लोस्कर म्हटलं की आमच्या पिढीच्या घरात आधी आठवतं ते मासिक. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’. ती शं. वा. किर्लोस्करांची करामत, आणि तिचाही उगम याच वाडीत. नांगराची जाहिरात करायला निघालेल्या पत्रकाने मराठी घरं वाचती केली. पण तो वेगळा लेख होईल.)

१९२२ साली शंतनुराव अमेरिकेला गेले, बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. बरोबर चुलतभाऊ माधव होता. शिकायला निघालेल्या दोघांपैकी एकच इंजिनिअर होऊन कामाला लागला. माधवला क्षयाने नेलं. विशीतल्या मुलाने हे कसं सोसलं असेल याचा मी कधी कधी विचार करतो. १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते परतले. कुठल्याही सरकारी खात्यात मानाची जागा मिळाली असती. ते वाडीच्या शेडमध्ये जाऊन उभे राहिले.

तिथे पंप होते, चरक होते, लोखंडी फर्निचरही निघत होतं. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथ बनवणारा कारखाना सुरू झाला. यंत्रं बनवायची तर आधी यंत्रं बनवणारी यंत्रं हवीत, हा सरळ विचार. पण पंपाला फिरवणार कोण? खेड्यात वीज नव्हती. इंजिनं येत ती विलायतेहून, आणि देशी कारखान्यात डिझेल इंजिन होईल यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण ठिणगीने पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. नुसती हवा कोंडून सोळा-सतरा पट दाबायची. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तेच इथे इतकं होतं की डिझेलचा फवारा आत शिरताच आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली ऑग्सबुर्गला हे चालवून दाखवलं. (बिचारा १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्री नाहीसा झाला. कर्जाने पिचला होता.) एवढा दाब सोसायचा तर सगळा सांगाडा दणकट हवा, आणि फवारा मारणारा पंप केसाच्या अंशाइतका अचूक हवा. दणकटपणा आणि नाजूकपणा एकाच यंत्रात. म्हणून हे काम अवघड, आणि म्हणूनच हे इंजिन जड, सावकाश फिरणारं आणि ओढीला जबर. भाच्याचा आक्षेप आणि पुतण्याचं कौतुक, दोन्हींचं मूळ हे एकच.

१९४६ साली, स्वातंत्र्य अजून यायचं असताना, शंतनुरावांनी ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. आणि दोनच वर्षांत घाव बसला. जानेवारी १९४८मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि पाठोपाठच्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. निवडुंग तोडून वडिलांनी उभारलेलं, ऐंशीला टेकलेल्या वडिलांच्या डोळ्यांदेखत राख झालं. या ठिकाणी माणूस कायमचा कडवट झाला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. वाडी पुन्हा उभी राहिली, आणि खडकीचं कामही थांबलं नाही.

आमच्याकडे आलं ते त्या घराण्यातलंच एव्ही-वन. एकच उभा सिलिंडर, ८० मिलिमीटर रुंद, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेऱ्या, पाण्याने थंड होणारं. त्यात दिखाऊ असं काही नव्हतं. पण गावचा लोहार-मिस्त्री ते खोलून परत जोडू शकत होता आणि सुटे भाग परभणीला मिळत होते. मला विचाराल तर शंतनुरावांची खरी हुशारी इथे आहे.

ही गोष्ट सांगताना भाच्याने मध्येच टोकलं, की हे सगळं विहिरीपुरतं ठीक, पण शर्यतीशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शंतनुरावांच्याच वाटेवर भेटतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यात क्लेसी कमिन्स नावाचा डिझेलवेडा होता. त्याचं इंजिन ट्रकवाले घेईनात, तेव्हा त्याने ते शर्यतीच्या मोटारीत बसवलं. १९३१ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत त्याची गाडी तेरावी आली. पण इतर गाड्या इंधन-टायरसाठी थांबत असताना ही एकदाही न थांबता पाचशे मैल धावली. असं त्या शर्यतीत आधी कधी घडलं नव्हतं. मग १९५२ साली त्याच्या कंपनीने कमालच केली. सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन एका अंगावर आडवं निजवलं, त्याला टर्बोचार्जर लावला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरानेच पंखा फिरवून आत जास्तीची हवा कोंबायची, आणि फ्रेडी अगाबाशियन या चालकाने पात्रताफेरीत पहिली जागा पटकावली. ताशी १३८ मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटली ती डिझेल गाडी! पुढचं दुर्दैव पाहा: हवेचं तोंड पुढे, अगदी खाली होतं. रस्त्यावरचे टायरच्या रबराचे कण त्यात ओढले गेले, टर्बो तुंबला आणि दोनशेपैकी एकाहत्तराव्या फेरीला गाडी बाहेर पडली.

या कमिन्स कंपनीशी हातमिळवणी करून शंतनुरावांनी १९६२ साली पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स काढली. विहिरीवरच्या एका सिलिंडरपासून निघालेला माणूस खाणीतल्या डंपरच्या इंजिनापर्यंत आला तो असा. इंडियानापोलिसला जे टर्बोचं तंत्र अडखळलं, तेच आज पुतण्याच्या ऑक्टाव्हियात आहे. २००६ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ऑडीची डिझेल गाडी पहिली आली, तेव्हा त्या वादाचा निकाल लागल्यासारखं पुतण्याच्या पंथाला वाटलं. मला तसं वाटत नाही. २०१५ साली फोक्सवॅगनने धुराच्या तपासणीत सॉफ्टवेअरची लबाडी केल्याचं उघड झालं, आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहाचे निकष आले आणि मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या. भाच्याच्या धुराच्या तक्रारीला वजन आहेच.

शंतनुरावांना १९६५ साली पद्मभूषण मिळालं. लायसन्स-परमिटच्या राज्यावर ते उघड टीका करत, आणि ती त्या काळी लोकप्रिय नव्हती. कारखानदार फायद्याबद्दल बोलतो म्हणजे काही पाप करतो, असा आमच्या लहानपणीचा सूर होता. मीही वर्गात तसंच शिकवलं असेन. आज त्यांचं बरंचसं म्हणणं पटतं, सगळं नाही. मुलगा चंद्रकांत त्यांच्या हयातीत गेला. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. २००३ साली जन्मशताब्दीला त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

एक गोष्ट मात्र मी पोरांपासून लपवली नाही. मोट होती तोवर विहिरीतून बैल ओढतील तेवढंच पाणी निघे. इंजिन आलं आणि तळ दिसायला लागला. पाठोपाठ वीज आली, बोअर आले आणि आमच्या मराठवाड्याने जमिनीच्या पोटातलं पाणी उपसून काढलं. त्याला इंजिन बनवणारा जबाबदार की हँडल मारणारा? आबा शेवटी शेवटी थारोळ्यावर बसून विहिरीत बघत राहायचे, एवढं मला आठवतं. पण त्याच पाण्यावर आम्ही चार भावंडं शिकलो, आणि आईच्या पाटल्या आबांनी तीन वर्षांनी परत घडवल्या.

गोष्ट संपली तेव्हा चार वाजले होते. कुणी काही बोललं नाही. मग भाचा, तो पेट्रोलवाला, उठला आणि मळ्याकडे चालू लागला. आम्ही मागोमाग. पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनावर चिमण्यांनी काडी-कचरा केला होता. पुतण्याने टाकी साफ करून ताजं डिझेल ओतलं, पाइपातली हवा काढली, नोझल सोडवून पुसून परत बसवलं. मी खटका कसा धरायचा ते दाखवलं. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेला हँडलने भाच्याला झटका दिला आणि तो दोन पावलं मागे गेला. तिसऱ्या खेपेला काळा भपका निघाला, एक ठोका पडला, मग दुसरा.

भंगारवाल्याला मी फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला गडी बांधावरून ओरडत आला. लाइट गेली का, असं विचारत होता.