रस्ते नसलेली अमेरिका साडेअकरा दिवसांत पार करणारा ‘कॅननबॉल’ बेकर

धानाची कापणी-मळणी उरकली की आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या झाडीपट्टीत पटाचा मोसम येतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. दाणीवर दोन बैलजोड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि काही सेकंदांत निकाल लागतो. मोटारींच्या दुनियेत याच प्रकाराला ड्रॅग रेस म्हणतात. सरळ पट्टा, दोन गाड्या, साधारण ४०२ मीटर अंतर. आधी पोहोचेल ती जिंकली.

आता कल्पना करा, पटाला एक अट वाढवली. आज आरमोरीत धावलेल्या जोडीने उद्या ब्रह्मपुरीत धावायचं, परवा तिसऱ्याच गावात. पण बैल पिकअपमध्ये चढवायचे नाहीत. त्यांनी चालत जायचं आणि तिथे पोहोचून पुन्हा त्याच दमाने पळायचं.

अमेरिकेत गाड्यांची नेमकी अशीच स्पर्धा भरते. तिचं नाव ‘ड्रॅग वीक’. ‘हॉट रॉड’ नावाच्या मासिकाने ती २००५ साली सुरू केली. हॉट रॉड म्हणजे इंजिन खोलून, ताकद वाढवून, बहुतेकदा घरच्या गॅरेजमध्ये वेगवान केलेली गाडी. पाच दिवस शर्यती, आणि एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर जायचं ते त्याच गाडीने, साध्या रस्त्यावरून. मदतीला मागून दुसरी गाडी आणायची नाही. बिघाड झाला तर पाने-पक्कड काढून स्वतःच दुरुस्त करायचं.

पळणाऱ्या गाडीने पोहोचलंही पाहिजे, हा हिशोब ड्रॅग वीकच्या कितीतरी आधी एका माणसाने मांडला होता. त्याचं नाव अर्विन जॉर्ज बेकर.

बेकरचा जन्म १२ मार्च १८८२ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. घरची परिस्थिती साधीच. तरुणपणी तो इंडियानापोलिसमध्ये कारखान्यात यंत्रकामगार होता. अंगाने धिप्पाड आणि कसरतीचा नाद, त्यामुळे काही काळ त्याने रंगमंचावर कसरतीचे खेळही केले. मग मोटारसायकल हातात आली आणि बाकी सगळं मागे पडलं.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या. खडी आणि डांबराचा तो पृष्ठभाग इतका खराब होता की टायर फाटायचे आणि भलेभले स्वार कच खायचे. त्या दिवशी जिंकणाऱ्यांत बेकर होता.

पण त्याचं खरं नाव झालं ते ट्रॅकबाहेर. १९१४ च्या मे महिन्यात तो कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोहून एकटाच न्यूयॉर्ककडे निघाला. गाडी होती ‘इंडियन’ मोटारसायकल. नाव इंडियन असलं तरी आपल्या देशाशी तिचा संबंध नाही, ती मॅसॅच्युसेट्सच्या एका अमेरिकन कंपनीची. अंतर सुमारे ५,४०० किलोमीटर.

आज हे वाचताना डोळ्यांसमोर सहापदरी महामार्ग येतो. तो विसरा. अमेरिकेचं महामार्गांचं मोठं जाळं उभारण्याचा कायदा झाला १९५६ साली. बेकरच्या वाट्याला वाळू, चिखल, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या चाकोऱ्या आणि नदीनाले आले. संपूर्ण वाटेत पक्का रस्ता होता जेमतेम सहा-सात किलोमीटर. पेट्रोल कुठे मिळेल, टायर कुठे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावं लागे.

त्याआधी मोटारसायकलवरून देश पार करण्याचा विक्रम होता २० दिवसांचा. बेकर ११ दिवस, १२ तास आणि १० मिनिटांत पोहोचला. एका फटक्यात विक्रम जवळपास निम्म्यावर आला.

याच काळात न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने त्याची तुलना ‘कॅननबॉल’ या वेगवान रेल्वेगाडीशी केली. कॅननबॉल म्हणजे तोफगोळा. हे नाव त्याला असं चिकटलं की अर्विन मागे पडलं आणि ‘कॅननबॉल बेकर’ उरलं.

आता प्रश्न असा की या उपद्व्यापाचे पैसे कोण द्यायचं? तर गाड्या बनवणाऱ्या कंपन्या. तेव्हा मोटार ही नवी वस्तू होती. ती शहरात मिरवायला ठीक, पण लांबच्या वाटेवर दगा देईल, अशी लोकांना धास्ती असायची. जाहिरातीत काहीही छापता येतं. पण कंपनीची गाडी घेऊन बेकर या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर पोहोचला की गिऱ्हाइकाला वेगळं काही सांगावं लागत नसे.

बेकरने त्यात स्वतःचीही जबाबदारी घातली होती. विक्रम झाला तरच मानधन, नाही तर एक पैसाही नको, या अटीवर तो काम घ्यायचा. म्हणजे वाटेत एखादा आस तुटला, तर कंपनीची अब्रू जायची आणि बेकरची कमाईही.

१९१५ मध्ये ‘स्टुट्झ बेअरकॅट’ मोटारीने त्याने ११ दिवस आणि ७ तासांत देश पार केला. पुढच्याच वर्षी ‘कॅडिलॅक’ घेऊन हाच प्रवास ७ दिवस आणि १२ तासांच्या आत आणला. १९२२ साली तो इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत उतरला आणि ११ वा आला. ट्रॅकवर तो चांगला होता, पण सगळ्यात मोठा नव्हता. लांबच्या वाटेवर मात्र त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. विक्रमांसाठी केलेल्या त्याच्या फेऱ्यांची संख्या १४३ सांगितली जाते.

सगळ्यात गाजलेली फेरी १९३३ ची. वय ५१. ‘ग्रॅहम’ कंपनीची ‘ब्लू स्ट्रीक’ गाडी, सोबतीला कुणी नाही. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस तो ५३ तास ३० मिनिटांत पोहोचला. थांबे धरूनही ताशी सरासरी ८० किलोमीटरच्या वर. १९१४ चे साडेअकरा दिवस १९ वर्षांत सव्वादोन दिवसांवर आले होते. त्यात सुधारलेल्या रस्त्यांचा आणि गाड्यांचा वाटा होताच, पण झोपेला बाजूला सारून चाक धरणारा माणूस तोच होता.

पुढे ‘नॅस्कार’ ही मोटार शर्यतींची संस्था उभी राहिली, तेव्हा पहिला आयुक्त म्हणून बेकरलाच बसवलं. १० मे १९६० रोजी इंडियानापोलिसमध्ये तो वारला. त्याचा ५३ तासांचा विक्रम तेव्हाही शाबूत होता.

तो मोडला १९७१ मध्ये. ब्रॉक येट्स या पत्रकाराने बेकरच्या नावाने किनारा ते किनारा अशी शर्यत सुरू केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘फेरारी’ गाडीने हे अंतर ३५ तास ५४ मिनिटांत कापलं गेलं. पण ही शर्यत बेकायदा होती. वेगमर्यादा धाब्यावर बसवून, चालू वाहतुकीतून गाड्या पळायच्या. १९७९ नंतर ती बंद पडली. १९८१ साली तिच्यावर ‘द कॅननबॉल रन’ हा सिनेमा आला. त्यामुळे आज अनेकांना बेकर माहीत नसतो, पोलिसांना चकवणारा ‘कॅननबॉल’ मात्र माहीत असतो.

बेकरचा वारसा शोधायचा तर तो ड्रॅग वीकमध्ये जास्त सापडतो. वेग ट्रॅकवर दाखवायचा, रस्त्यावर नियमाने चालायचं आणि रोज मुक्कामी पोहोचायचं. निकाल लागतो तो सगळ्या दिवसांच्या वेळेची सरासरी काढून. एका ट्रॅकवर कितीही जोरात पळालात आणि पुढच्या ट्रॅकवर पोहोचलाच नाहीत, तर स्पर्धेतून बाद.

विक्रम नाही तर पैसा नाही, या अटीवर जगलेल्या बेकरला हा नियम समजावून सांगावा लागला नसता.