'डीमन' स्पॉफर्थ

अ‍ॅशेसची मॅच लागली की टीव्ही रूममध्ये बसायला जागा मिळत नाही. पण अ‍ॅशेस म्हणजे राख, मग ही राख कोणाची? असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मित्रांनो, ही राख इंग्लंडच्या क्रिकेटची आणि ती करणारा माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर फ्रेड स्पॉफर्थ!

फ्रेडचा जन्म 9 सप्टेंबर 1853 चा, सिडनीजवळच्या बालमेनचा. वडील बँकेत होते, पुढे हाही बँकेतच चिकटला. सहा फुटांच्या वर उंची, अंगाने काटकुळा, पण पळण्यात एकदम तरबेज. 1864 मध्ये इंग्लंडहून आलेल्या टीममधला टॅरंट नावाचा फास्ट बोलर त्याने पाहिला आणि ठरवलं, आपणही असंच जोरात टाकायचं. पुढे इंग्लंडचे स्लो बोलर पाहिले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नुसत्या जोराने काम होत नाही. मग त्याने रनअप तोच, हात तोच, पण बॉलचा वेग मात्र दर वेळी वेगळा, असं तंत्र बसवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं कॉन्स्टंट आणि एकच व्हेरिएबल!

माणूस हुशार, पण डोकं गरम. मार्च 1877 मध्ये मेलबर्नला इतिहासातली पहिली टेस्ट झाली, ती तो खेळलाच नाही. कारण काय, तर विकेटकीपर म्हणून त्याचा मित्र मरडॉक याच्याऐवजी ब्लॅकहॅमला घेतलं होतं. आपली बोलिंग ब्लॅकहॅमला झेपणार नाही, असं त्याचं मत. दुसऱ्या टेस्टला तो आला आणि त्याच्याच बोलिंगवर ब्लॅकहॅमने अल्फ्रेड शॉला स्टंप केलं! झालं, उत्तर मिळालं.

1878 मध्ये लॉर्ड्सवर एमसीसीची टीम 33 आणि 19 वर ऑल आउट झाली, अख्खी मॅच एका दिवसात खलास. त्यात स्पॉफर्थच्या दहा विकेट्स होत्या. जानेवारी 1879 मध्ये मेलबर्नला त्याने टेस्टमधली पहिली हॅटट्रिक घेतली. 'डीमन', म्हणजे राक्षस, हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

पण खरी गोष्ट 29 ऑगस्ट 1882 ची, लंडनच्या ओव्हल मैदानावरची. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या इनिंगमध्ये सॅमी जोन्स पिच ठोकायला क्रीझबाहेर गेला आणि डब्ल्यू. जी. ग्रेसने त्याला रनआउट केलं. नियमात बसत होतं, पण मनाला पटणारं नव्हतं. स्पॉफर्थ भडकला. इंग्लंडला जिंकायला फक्त 85 रन हवे होते. ही मॅच आपण अजून जिंकू शकतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

इंग्लंड 2 बाद 51. ग्रेस खेळतोय, म्हणजे मॅच गेल्यातच जमा. तेवढ्यात स्पॉफर्थच्या बॉलवर युलिएट कॅच आउट! कॅच कोणी घेतला? त्याच ब्लॅकहॅमने! दोन रनांनंतर बॉइलने ग्रेसला काढलं आणि मग स्पॉफर्थ थांबलाच नाही. शेवटच्या 11 ओव्हर्समध्ये (तेव्हा ओव्हर चार बॉलची होती) त्याने दोन रन देऊन चार विकेट्स घेतल्या. इंग्लंड 77 ऑल आउट. ऑस्ट्रेलिया सात रनांनी जिंकलं. स्पॉफर्थच्या मॅचमध्ये 90 रनांत 14 विकेट्स!

काही दिवसांत लंडनच्या 'स्पोर्टिंग टाइम्स' पेपरात इंग्लिश क्रिकेट मेल्याची थट्टेची बातमी छापून आली. दहन करून राख ऑस्ट्रेलियाला नेणार, असंही त्यात होतं. ती राख परत आणायला त्याच वर्षी आयव्हो ब्लायची टीम ऑस्ट्रेलियाला निघाली आणि अ‍ॅशेसची परंपरा सुरू झाली.

पुढची गंमत म्हणजे स्पॉफर्थने 1886 मध्ये इंग्लंडच्याच मुलीशी लग्न केलं, 1888 मध्ये तिथेच स्थायिक झाला, सासऱ्यांच्या चहाच्या धंद्यात शिरला आणि चांगला श्रीमंत झाला. 18 टेस्टमध्ये 94 विकेट्स घेणारा हा माणूस 4 जून 1926 रोजी इंग्लंडमध्येच वारला.

राग आपल्यालाही येतो. 1877 मध्ये स्पॉफर्थ रागावून घरी बसला, तेव्हा नुकसान त्याचंच झालं. 1882 मध्ये तोच राग त्याने बॉलमध्ये उतरवला आणि ज्याला नाकारलं होतं त्याच ब्लॅकहॅमला सोबत घेऊन जिंकला. पुढच्या वेळी प्रोजेक्ट ग्रुपवर किंवा टीम सिलेक्शनवर रुसून रूमचं दार लावून बसाल, तेव्हा या राक्षसाची आठवण काढा. बघा पटतंय का!