फिंचच्या चोची आणि डेव्हिड लॅक

१९३८ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉल या शाळेतला एक विज्ञान शिक्षक रजा काढून प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांकडे निघाला. वय अठ्ठावीस, पक्ष्यांचे वेड लहानपणापासूनचे. शाळेच्या परिसरातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवून, कोणता पक्षी कुठे राहतो, कोणाशी जोडी जमवतो आणि किती दिवस जगतो, याची तो बारकाईने नोंद ठेवत असे. पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञांमध्ये ज्यांची गणना झाली, ते हे डेव्हिड लॅक.

गॅलापागोस बेटे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर आहेत. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी तिथून काही पक्ष्यांचे नमुने नेले होते. चिमणीसारखे दिसणारे हे फिंच रंगाने साधेच, पण चोची मात्र निरनिराळ्या. कोणाची जाडजूड, कठीण बिया फोडणारी. कोणाची लांबट, निवडुंगाच्या फुलांत शिरणारी. तर कोणाची बारीक, कीटक टिपणारी. एका पूर्वजापासून इतक्या प्रजाती कशा झाल्या, याचे समाधानकारक उत्तर शंभर वर्षांनंतरही कोणाकडे नव्हते. या चोचींमध्ये इतक्या मधल्या अवस्था दिसतात की, एक प्रजाती कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हेच कळेनासे होते. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ पर्सी लो यांनी तर हा सगळा संकरित पक्ष्यांचा घोळका असावा, असे मत मांडले होते.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नव्हता. दोन प्रजातींचे पक्षी सर्रास आपसांत जोड्या जमवू लागले, तर त्यांच्यातले फरक पिढ्यांमागून पिढ्या पुसट होत जातील. मग नवी प्रजाती तयार व्हायची कशी? म्हणून दोन गटांमधला संबंध पूर्ण तुटल्याशिवाय नवी प्रजाती जन्माला येत नाही, असा विचार त्या काळात बळावत होता. लॅक यांना याची खातरजमा प्रत्यक्ष बेटांवर करायची होती.

तिथले काही महिने सुखाचे नव्हते. उकाडा, काटेरी झुडपे, पाय कापणारा लाव्हा, पाण्याची टंचाई, उंदीर, पिसवा आणि डास यांनी ते हैराण झाले. तरीही विणीचा हंगाम त्यांनी पुरा पाहिला. कोणता नर कोणत्या मादीपुढे गातो, हे टिपले. पेंढा भरलेले फिंच फांदीवर ठेवून, जिवंत पक्षी त्यांना आपले मानतात की परके, हेही तपासले. वेगवेगळ्या प्रजातींच्या पक्ष्यांची पिंजऱ्यात वीण करून पाहण्याचा प्रयत्न फसला. उघड्या रानातही त्यांना संकराचा ठोस पुरावा मिळाला नाही. परतताना सोबत घेतलेले जिवंत पक्षी इंग्लंडपर्यंतचा प्रवास सोसणार नाहीत असे दिसल्यावर त्यांनी ते कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहालयाकडे सोपवले आणि तिथल्या व अन्य संग्रहांतल्या हजारो कातड्यांच्या चोची मोजल्या. अमेरिकेत त्यांची अर्न्स्ट मायर यांच्याशी मैत्री झाली. प्रजाती म्हणजे काय, या प्रश्नाचा मायर तेव्हा सखोल विचार करत होते. लॅक मायदेशी पोहोचले, तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते.

युद्धकाळात ते लष्कराच्या रडार संशोधनात काम करत होते. रडारवर उमटणाऱ्या काही गूढ खुणा शत्रूच्या नसून उडणाऱ्या पक्ष्यांच्या आहेत, हे ओळखण्यात त्यांचा वाटा होता. फिंचचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नव्हता. बेटांवरून आल्यावर त्यांनी लिहिले होते की चोचींमधले फरक अन्नाशी निगडित नाहीत. आपल्या जातीचा जोडीदार ओळखण्यापुरताच त्यांचा उपयोग आहे. तीच मोजमापे पुन्हा तपासताना त्यांना हे मत पटेनासे झाले. एका बेटावर सारखेच अन्न खाणाऱ्या दोन प्रजाती फार काळ सोबत टिकत नाहीत. टिकायचे तर अन्न वाटून घ्यावे लागते आणि चोच त्या अन्नाप्रमाणे घडत जाते, असे त्यांना दिसले. १९४७ च्या ‘डार्विन्स फिंचेस’ या पुस्तकात त्यांनी आपलेच आधीचे मत खोडून टाकले. डार्विन फिंच हे नाव सर्वतोमुखी झाले ते या पुस्तकामुळे.

संकराबाबत मात्र त्यांचे मत ठाम राहिले. डॅफ्नी मेजर या बेटावर मध्यम चोचीच्या फिंचची चोच इतर बेटांपेक्षा लहान दिसते. हा संकराचा परिणाम नव्हे, असे त्यांनी मांडले. लहान चोचीचा प्रतिस्पर्धी तिथे जवळजवळ नसल्यामुळे मध्यम फिंचला लहान बियाही मोकळ्या मिळतात आणि त्याची चोच त्या बाजूला झुकते, हे त्यांचे स्पष्टीकरण. निसर्गात संकर इतका विरळ आहे की, नव्या प्रजातींच्या जडणघडणीत त्याला स्थान नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९४५ पासून ते ऑक्सफर्डच्या एडवर्ड ग्रे पक्षिसंशोधन संस्थेचे संचालक होते. पक्षी नेमकी किती अंडी घालतात आणि ती संख्या पिलांना भरवता येईल अशा अन्नाशी कशी जुळते, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या मनोऱ्यातल्या स्विफ्ट पक्ष्यांच्या घरट्यांत डोकावून त्यांनी एक लोकप्रिय पुस्तकही लिहिले. १२ मार्च १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य डॅफ्नी मेजरवर उतरले. अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही लहान अशा या बेटावर त्यांनी जवळजवळ प्रत्येक फिंचच्या पायात रंगीत कडी घातली आणि चार दशके त्यांच्या पिढ्यांचा हिशेब ठेवला. पद्धत रॉबिनची, पण मुदत एका माणसाच्या रजेत न मावणारी. त्यामुळे लॅक यांना जे दिसले नव्हते ते दिसले. संकर होत होता. शंभरात एखाद-दुसरी जोडीच तशी असे, पण होत होता. फिंचचा नर गाणे बापाकडून शिकतो. लहानपणी कानावर परक्याचे गाणे पडले, तर मोठेपणी जोडीही परकी जमू शकते. सुरुवातीच्या वर्षांत अशी संकरित पिल्ले फारशी जगत नव्हती. १९८३ च्या एल निनोच्या मुसळधार पावसानंतर बेटावर लहान बियांचे पीक आले आणि मधल्या आकाराच्या चोचीचे हे संकरित पक्षी इतरांइतकेच तगू लागले. डॅफ्नीवरच्या त्या लहान चोचीत प्रतिस्पर्धी नसण्याबरोबरच संकराचाही वाटा असल्याचे दिसून आले.

१९८१ मध्ये बेटावर एक मोठा, वेगळेच गाणारा नर आला. त्याने मध्यम फिंचच्या मादीशी जोडी केली. त्यांची पुढची पिल्लावळ काही पिढ्यांतच फक्त आपसांत जोड्या जमवू लागली. एका दुष्काळात या वंशातले एक भाऊ-बहीण तेवढे उरले, तरी वंश टिकला. हा नर शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरच्या प्रजातीचा होता, हे पुढे डीएनएवरून सिद्ध झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने संकरातून नवा वंश सुरू होताना पाहण्याची दुर्मीळ संधी दिली. त्याआधी २०१५ मध्ये १२० पक्ष्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचून शास्त्रज्ञांनी दाखवले होते की फिंचच्या प्रजातींमध्ये जनुकांची देवाणघेवाण दीर्घकाळ सुरू आहे. एएलएक्स१ या जनुकाची निरनिराळी रूपे चोच टोकदार की बोथट, हे ठरवण्यात भाग घेतात. संकरामुळे अशी रूपे एका प्रजातीतून दुसरीत पोहोचतात आणि निवडीला नवा कच्चा माल मिळतो.

अन्न, स्पर्धा आणि चोच यांचे लॅक यांनी जुळवलेले गणित आजही उभे आहे. संकराबाबतचे त्यांचे उत्तर चुकले, कारण शंभरातली एखादी जोडी सापडायला एक हंगाम पुरत नाही. ते उत्तर दुरुस्त झाले, तेही ज्या कामाने त्यांची सुरुवात झाली त्याच मार्गाने: पायात कडे घालून, एकेका पक्ष्याचे आयुष्य मोजत.