खाशाबांचे ऋण

स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव महाराष्ट्रात आज आदराने घेतले जाते. त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन म्हणून जाहीर झाला आहे. दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेतील कुस्त्या ज्या सभागृहात झाल्या, त्यालाही त्यांचेच नाव देण्यात आले. हे सर्व उचितच आहे. तथापि, गौरवाचा हा ओघ खाशाबांच्या पश्चात सुरू झाला, हे विसरून चालणार नाही. हयातीत त्यांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

खाशाबांचा जन्म १९२६ सालचा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. त्या काळी सातारा जिल्हा आजच्या सांगली जिल्ह्याच्या मोठ्या भागापर्यंत पसरलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात कुस्तीच्या फडावाचून जत्रा पुरी होत नाही. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांनी कुस्तीचे पहिले धडे त्यांच्याकडूनच घेतले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. देह लहानखुरा, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने गेले. येथे त्यांची खरी परीक्षा होती. तांबड्या मातीत पाय रोवता येतो आणि कुस्ती चीतपट होईपर्यंत चालू शकते. मॅटवर पायाखालचा आधार निराळा, वेळेचे बंधन आणि निकालाला पंचांचा कौल. आयुष्य मातीत गेलेल्या मल्लाला हा व्यवहार परकाच होता. तरीही रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरविले व ५२ किलो गटात सहावे स्थान मिळविले. पुढची चार वर्षे त्यांनी लंडनचा धडा गिरविण्यात घालविली.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रतिस्पर्धी मल्लांइतकाच अडथळा आपल्याच व्यवस्थेने उभा केला. निवडीतून डावलले गेल्याची भावना झाल्याने खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती झाली आणि ती जिंकून त्यांनी आपला हक्क सिद्ध केला. मग प्रश्न पैशाचा. गावकऱ्यांनी आणि स्नेह्यांनी वर्गणी जमविली, पण ती पुरेना. अखेरीस राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. देशाच्या प्रतिनिधीला परदेशी पाठविण्यासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागावे, ही घटना खर्डेकरांना जितकी भूषणावह, तितकीच इतरांना लाजिरवाणी होय.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर मात केली. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना, तर रौप्य सोव्हिएट संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांना मिळाले. एक दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या कुस्तीसाठी उभे करण्यात आले आणि नियमाने मिळावयाच्या विश्रांतीसाठी भांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. २३ जुलै १९५२ रोजी ब्राँझपदक त्यांच्या गळ्यात पडले. कराड ते गोळेश्वर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु खाशाबा मिरवणुकीत रमले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यात ते स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले. आपल्यासाठी कोणी घेतलेले कर्ज आपणच फेडावयाचे, हा त्यांचा धर्म होता.

समाजाने मात्र त्यांच्या ऋणाबाबत असा धर्म पाळला नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. उत्तरायुष्य हलाखीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्काराने त्यांना मरणोत्तर गौरविण्यात आले, तोवर हेलसिंकीला जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

या पट्ट्यात मल्लांचा दुष्काळ कधीच नव्हता. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. तरीही ऑलिंपिकमधले पुढचे वैयक्तिक पदक भारताला १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवून दिले, आणि कुस्तीतले दुसरे पदक येण्यास २००८ साल उजाडावे लागले. मातीने मल्ल दिले. त्यांना मॅट, प्रशिक्षक, खुराक आणि निवृत्तीनंतरची निश्चिंती देणे हे इतरांचे काम होते. ते वेळेवर झाले नाही, हीच या छपन्न वर्षांची कहाणी आहे.

पुतळे आणि नामकरणे यांनी मृताचा सन्मान होतो, पण जिवंताची भाकरी भागत नाही. कुण्या खेड्यातल्या तालमीत आज घाम गाळणाऱ्या पोराला परदेशी जाण्यासाठी कोणाचे घर गहाण पडू नये आणि पदक जिंकून परतल्यावर त्याच्या म्हातारपणाची आबाळ होऊ नये, एवढी तजवीज झाली तरच क्रीडादिनाला अर्थ येईल. खाशाबांनी आपले कर्ज आखाड्यात उतरून फेडले. महाराष्ट्राच्या माथी असलेले त्यांचे ऋण हार घालून फिटणारे नाही.