धरणीची कुजबुज ऐकणारे मिल्न

भूकंप म्हटला की पडझड आठवते; मला मात्र जॉन मिल्न आठवतात. १८५० साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेले मिल्न १८७६ मध्ये खाणशास्त्र शिकवायला टोकियोला गेले. १८८० मध्ये योकोहामा हादरले आणि त्यांनी भूकंपांचाच ध्यास घेतला. पुढे त्यांच्या आडव्या लंबकाने माणसाला न जाणवणारी थरथरही टिपली. १८९५ मध्ये घर, ग्रंथ, उपकरणे आगीत खाक झाली. जपानी पत्नी तोने यांच्यासह ते मायदेशी परतले आणि वाइट बेटावर पुन्हा श्रीगणेशा केला. त्यांची यंत्रे जगभर बसली, आपल्या कुलाबा वेधशाळेतही. १९१३ मध्ये ते गेले.

१९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने खोल विंधनविहिरींत संवेदनशील यंत्रांचे जाळे विणले. त्याच नोंदींत काझुशिगे ओबारा यांना २००२ मध्ये, समुद्रतळाचा भूपट्ट नैऋत्य जपानखाली शिरतो तिथे, सुमारे ३० किलोमीटर खोलीवरची क्षीण थरथर सापडली. तिच्या जोडीने तिथला भूपट्ट कित्येक दिवस धक्का न देता सरकतो आणि वरच्या अडकलेल्या भागावर ताण वाढवतो. त्यातून महाभूकंपाची तारीख कळत नाही. ताण कुठे साठतो, ते कळते. मिल्न यांना हे ठाऊक नव्हते. तरी राखेतून उठून त्यांनी कान जमिनीलाच लावला, हे मला मोठे वाटते.